सूज उतरवणारी पूड आणि खाणीतली धूळ

माजरीच्या कोळसा खाणीत आयुष्य काढलेत आणि आता दम लागतो? मग "फुफ्फुसांची सूज उतरवणारे नैसर्गिक फायबर" म्हणून विकला जाणारा डबा घेण्याआधी दोन मिनिटे थांबा.

अशी एक पूड लिंबू-संत्र्याच्या सालीतल्या पेक्टिनची असते. त्याच्या लांब साखळ्या रसायनांनी तोडून आखूड करतात. प्रयोगशाळेत हे तुकडे गॅलेक्टिन-3 या सूज वाढवणाऱ्या प्रथिनाला चिकटतात. हे संशोधन खरे आहे. खोटी आहे ती त्यावरची जाहिरात. तुमच्या पेशी काचेच्या बशीत नाहीत. गिळलेल्या पुडीचा बहुतेक भाग आतड्यातच राहतो. फुफ्फुसात साचलेली कोळशाची धूळ तिने निघत नाही, न्यूमोकोनिओसिस बरा होत नाही.

मग फायबर निरुपयोगी का? मुळीच नाही. आतड्यातले जिवाणू ते आंबवून ब्युटिरेट तयार करतात आणि ते तिथल्या रोगप्रतिकारक पेशींना शांत ठेवायला मदत करते. पण त्यासाठी महागडा डबा कशाला? 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम फायबर असते, पॉलिश तांदळात जेमतेम 3. भाकरी खा, नागपुरी संत्रे सालीखालच्या पांढऱ्या धाग्यांसकट खा.

विकणाऱ्याला एकच विचारा: "माझ्यासारख्या रुग्णांवर चाचणी झाली आहे का? दाखवा."

आणि कुणाच्याही सांगण्यावरून इनहेलर बंद करू नका. पुडीचे पैसे वाचवा, छातीचा एक्स-रे आणि स्पायरोमेट्री करून घ्या. खाणीत नोकरीला असाल तर ठरावीक काळाने होणारी वैद्यकीय तपासणी हा तुमचा कायदेशीर हक्क आहे. तो सोडू नका.