भारी नव्हे, जुळणारा!

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घराच्या माळ्यावर जुना रेकॉर्ड प्लेअर आणि तबकड्यांचा गठ्ठा असेल, तर तो भंगारात घालू नका. तबकडी लावल्यावर आवाज अगदी क्षीण येतो किंवा फाटतो. अशा वेळी कोणीतरी सांगते, "भारीतला पूर्वप्रवर्धक घ्या." पण भारी म्हणजे योग्य नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी सुईमागचे कार्ट्रिज पाहा. त्याचे मुख्य प्रकार तीन. पहिल्यात सिरॅमिकचा तुकडा दाबला जाऊन वीज निर्माण होते. ती १०० मिलिव्होल्टपेक्षाही जास्त असते. दुसऱ्यात चुंबक हलतो. त्यातून ३ ते ५ मिलिव्होल्ट मिळतात. तिसऱ्यात तारेचे वेटोळे हलते. त्यातून बहुधा अर्धा मिलिव्होल्ट किंवा त्याहून कमी.

आता गुणाकार करा. प्रवर्धक १०० पट वाढ करणारा असेल, तर ५ मिलिव्होल्टचे ५०० होतात. हे ठीक झाले. अर्ध्या मिलिव्होल्टचे मात्र ५०च होतात. तेथे सुमारे १००० पट वाढ हवी. उलट सिरॅमिकचे २०० मिलिव्होल्ट १०० पट केले, तर २० व्होल्ट होतील! ते मंडलाला पेलत नाहीत आणि आवाज फाटतो.

रोधही जुळला पाहिजे. हलत्या चुंबकाच्या कार्ट्रिजला ४७ हजार ओहम लागतात, तर सिरॅमिकला सुमारे दहा लाख. तेथे रोध कमी पडला, की खर्ज हरवतो. शिवाय लाँग प्ले तबकडीवर खर्ज मुद्दाम दाबून आणि उंच स्वर वाढवून कोरलेले असतात. चुंबकीय कार्ट्रिजचा पूर्वप्रवर्धक याच्या नेमके उलट करून तोल साधतो. साध्या प्रवर्धकात ही सोय नसते.

उमरग्याच्या मुलांना हा धडा दुसरीकडूनही समजेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात तेव्हाच्या उमरगा तालुक्यातील सास्तूर उद्ध्वस्त झाले. भूकंपमापकांच्या एका प्रकारातही चुंबक आणि वेटोळेच असते. दूरचा सूक्ष्म हादरा टिपणारे अतिसंवेदनशील यंत्र जवळच्या मोठ्या धक्क्यात मर्यादेबाहेर जाते. तेथे तीव्र हादऱ्यांसाठी बनवलेले वेगळे यंत्र लागते. म्हणजे सर्वांत संवेदनशील यंत्र प्रत्येक ठिकाणी सर्वांत उपयोगी नसते.

शिक्षकांना एक विनंती. प्रयोगशाळेतील वेटोळे, पट्टीचुंबक आणि गॅल्व्हानोमीटर काढा. चुंबक आधी हळू, मग वेगाने आत-बाहेर करा आणि काटा किती हलतो ते मुलांना पाहू द्या. एरवी पुस्तकात पाठ होणारा फॅरेडेचा नियम मग घरातल्या गाण्याशी जोडला जाईल.

आणि मित्रांनो, दुकानात जाण्यापूर्वी कार्ट्रिजच्या माहितीपत्रकातले आकडे वाचा, कागदावर गुणाकार करा. किंमत त्यानंतर विचारा.