संशय आधी कुणावर बसतो?

जयपूरच्या मुरलीपुऱ्यात मी संशोधनाच्या कामासाठी खोली घेऊन राहते. विश्वकर्मा औद्योगिक वसाहत जवळच आहे, त्यामुळे आमच्या इमारतीत गोदामांत काम करणारी मुलं बरीच. शेजारच्या खोलीतला मुलगा वाशिम जिल्ह्यातला, घरातला पहिला बी.कॉम. ठेकेदारामार्फत एका गोदामात मालाच्या नोंदी ठेवायचा.

मार्चमध्ये संगणकावरचा माल आणि प्रत्यक्षातला माल यांत 31 हजारांचा फरक निघाला. त्या पाळीत नोंदी करणारे चौघं होते. केबिनमध्ये बोलावलं एकट्या यालाच. मोबाइल काढून घेतला, साडेतीन तास बसवून ठेवलं. पहिला प्रश्न हिशेबाचा नव्हता. पूर्ण नाव काय, गावात घर कुठल्या बाजूला, हे विचारलं. मग हिंदीत छापलेला एक कागद पुढे आला: चूक कबूल, रक्कम पगारातून कापावी. नाव आणि रकमेची जागा तेवढी रिकामी. (असा कागद छापूनच ठेवलेला असतो, यावर जरा थांबून विचार करा.) रात्री तो मला म्हणाला, ‘ताई, सही केली म्हणजे विषय संपला ना?’

दोन महिन्यांचा पगार गेला, नोकरी गेली. आता नव्या ठिकाणाहून जुन्या गोदामात फोन गेला की तिथलंही काम हुकतं.

त्याने पैसे घेतलेच नाहीत, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण ते गोदामालाही ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायची गरज वाटली नाही. माझा आक्षेप त्यावर आहे.

अफरातफर होते, मालकाचं नुकसान होतं, हे खरंच आहे. संशय आला तर नोंदी सुरक्षित कराव्यात, पासवर्ड बदलावेत, चौकशीपुरतं त्या माणसाला दुसरं काम द्यावं. पण आरोप लेखी हवा: कोणत्या तारखेची, कोणती नोंद. ज्या कागदांवर आरोप उभा आहे ते त्याला दाखवावेत, उत्तराला वेळ द्यावा, सोबत एखादा सहकारी बसू द्यावा. ज्याने बोट दाखवलं त्यानेच निकाल देऊ नये. खुलाशाची संधी दिल्याशिवाय नुकसानीपोटी पगार कापता येत नाही, हे 1936 च्या वेतन कायद्यापासून चालत आलंय.

पगाराचा मुद्दा किरकोळ नाही. कोलारच्या सोन्याच्या खाणीतल्या एका सुरक्षा अधिकाऱ्याला 1985 मध्ये निलंबित केलं आणि निर्वाह भत्ताही दिला नाही. चौकशीला जायला पैसे नव्हते, म्हणून चौकशी त्याच्या पाठीमागे उरकली आणि त्याला बडतर्फ केलं. फौजदारी कोर्टाने निर्दोष सोडलं, तरी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्याच्या बाजूने लागायला 1999 उजाडलं. निलंबित कामगाराला पहिले 90 दिवस निम्मा आणि त्याच्या दोषाशिवाय चौकशी लांबली तर पुढे 75 टक्के भत्ता, असा नियम आहे. पण नव्या औद्योगिक संबंध संहितेत स्थायी आदेश 300 किंवा त्याहून अधिक कामगार असले तरच लागू होतात. आमच्या शेजाऱ्याच्या गोदामात 60 माणसं, तीही ठेकेदाराच्या हजेरीपटावर.

संगणक खोटं बोलत नाही, असं मॅनेजर म्हणाला होता. ब्रिटनच्या पोस्टात ‘होरायझन’ प्रणालीने दाखवलेली तूट खरी मानून 900 हून अधिक टपाल केंद्रचालकांना गुन्हेगार ठरवलं गेलं. दोष प्रणालीत होता. पुढे उघड झालेल्या कागदांत संशयितांची वंशानुसार वर्गवारी करणाऱ्या नोंदीही निघाल्या. आपल्याकडे त्यासाठी वेगळा रकाना लागत नाही, आडनाव पुरतं. 1871 पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण ‘घर कुठल्या बाजूला’ हा प्रश्न अजून विचारला जातो.

म्हणून मालकांनी आणखी एक हिशेब तपासावा: गेल्या पाच वर्षांत झडती कुणाची घेतली, माफीनामा कुणाकडून लिहून घेतला आणि नुसती समज देऊन कुणाला सोडलं.

आणि तुम्हाला कुणी असं केबिनमध्ये बसवलं, तर तिथे सही करू नका. ‘आरोप लेखी द्या, मी लेखी उत्तर देतो’ एवढंच म्हणा. बाहेर पडल्यावर त्याच दिवशी घडलेलं सगळं तारीख-वेळेसह ईमेलने कळवा.

शेजारच्या मुलाने मे महिन्यात श्रम विभागाकडे पगारासाठी अर्ज केला. अर्ज आम्ही दोघांनी मिळून लिहिला, तीनदा फाडून. त्यातली पहिली मागणी पैशांची नाही. त्या सहीच्या कागदाची प्रत मागितली आहे.