धातूंचे स्वभाव आणि धातूंचा धूर

सुरतेच्या एका भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे चिरंजीव आय.टी.आय.मधून वेल्डरचा अभ्यासक्रम पूर्ण करून वर्षभरापासून इच्छापोर येथील एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये कामास जातात. महिन्यातून एकदोनदा तरी रात्री त्यांना हुडहुडी भरून ताप येतो, तोंडाला गोडसर, धातूसारखी चव येते आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा ठणठणीत होतात. हिवतापासाठी रक्त दोनदा तपासले; काही निघाले नाही. हे बहुधा सोमवारीच घडते. शेजारीपाजारी दृष्ट काढावयास सांगतात. मुलाला हे काम सोडावयास लावावे काय, असे त्या मातेने विचारले आहे.

प्रश्न एका घरचा असला, तरी सुरत-हजीरा रस्त्यावर रोज कामाला जाणारी आपली मुले थोडी नाहीत. म्हणून या वेळी हे सदर त्या उत्तरासाठीच राखून ठेवले आहे. उत्तर मात्र थोडे दुरून सुरू करावे लागेल. कारण हा ताप माणसाच्या प्रकृतीत नसून धातूच्या स्वभावात आहे.

फॅब्रिकेशन म्हणजे तयार पत्रे, अँगल, चॅनेल व पाइप कापून, वाकवून आणि जोडून वस्तू उभी करणे. ओतकाम त्याहून निराळे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 मध्ये जो लोखंडी नांगर केला, तो ओतकामाच्या परंपरेतला. आपल्या स्वयंपाकघरातील बिडाचा तवाही तसाच. बिडात कर्ब दोन टक्क्यांहून अधिक असतो. म्हणून ते ठिसूळ असते व सहजी जोडले जात नाही.

जोडकामाचा खरा आधार म्हणजे माइल्ड स्टील. त्यात कर्ब पाव टक्क्याच्या आतबाहेर असतो. ते वाकते, कापले जाते, वेल्डिंग सहज घेते आणि स्वस्तही पडते. खिडकीचे गज, जिन्याचे कठडे, शेडचे खांब, पाण्याच्या टाकीचे स्टँड हे सारे त्याचेच. हजीऱ्याचा मोठा पोलाद कारखाना, जो डिसेंबर 2019 पासून आर्सेलरमित्तल-निप्पॉन स्टीलकडे आहे, असाच सपाट पत्रा तयार करतो. या धातूचा एकच दोष, गंज. आणि इच्छापोरसारख्या खाऱ्या वाऱ्याच्या टापूत तो फार लवकर प्रकटतो.

गंजावरचा एक उपाय म्हणजे स्टेनलेस स्टील. लोखंडात निदान साडेदहा टक्के क्रोमियम मिसळले की पृष्ठभागावर एक अदृश्य पापुद्रा धरतो आणि ओरखडा पडला तरी पुन्हा आपोआप जमतो. 304 या जातीत सुमारे अठरा टक्के क्रोमियम व आठ टक्के निकेल असते. समुद्राकाठी वापरावयाच्या 316 मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनमची भर असते. निकेल महाग, म्हणून 202 सारख्या जातींत ते कमी करून मँगनीज घालतात. त्या कमी टिकतात. लोहचुंबक लावून पारख करण्याची आपली रीत येथे फसते. कारण 304 प्रमाणे 202 लाही चुंबक सहसा चिकटत नाही. कठडा बसविताना बिलावर जात लिहून घेणे हाच शहाणपणा.

या धातूचे थोरपण पाहावयाचे तर फार दूर जावयास नको. फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या 'इटर' या अणुसंमीलन प्रकल्पाचे क्रायोस्टॅट, म्हणजे सुमारे 30 मीटर उंच, तितकेच रुंद आणि 3,850 टन वजनाचे निर्वात पात्र, स्टेनलेस स्टीलचे आहे. त्याचे भाग हजीऱ्याच्या लार्सन अँड टुब्रो कारखान्यात घडले आणि शेवटचा भाग जून 2020 मध्ये तेथून रवाना झाला. इच्छापोरवरून जाणाऱ्या रस्त्याच्या टोकाशीच हे काम झाले, हे आपल्या मुलांना अवश्य सांगावे.

ॲल्युमिनियम, म्हणजे आपल्या आजीबाईंचे 'जर्मन', पोलादाच्या एकतृतीयांश वजनाचे. खिडक्यांच्या चौकटी, वाहनांची अंगे, शिड्या यांसाठी ते उत्तम. धातू 660 अंशांना वितळतो, परंतु त्यावरची ऑक्साइडची साय मात्र दोन हजार अंशांहूनही अधिक उष्णता मागते; म्हणून त्याच्या जोडकामाला विशेष हात लागतो. तांबे विजेच्या पट्ट्या व शीतयंत्रांच्या नळ्यांसाठी. आणि तांब्यात जस्त मिळवून झालेले पितळ नळ व जोडांसाठी.

आता जस्त. पत्र्यांवर व पाइपांवर जस्ताचा जो मुलामा असतो, तो लोखंडाचा थोरला भाऊ समजावा. स्वतः झिजून तो धाकट्याला गंजापासून राखतो. परंतु जस्त 907 अंशांना उकळते आणि वेल्डिंगची ज्योत त्याच्या कितीतरी पट तापते. त्यामुळे जस्ती पाइपाला जोड देताना मुलाम्याची वाफ होऊन पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की चारदहा तासांनी थंडी, ताप, अंगदुखी आणि तोंडाला ती गोडसर चव येते. एकदोन दिवसांत सारे ओसरते. रोज धूर लागला की शरीर थोडे सरावते, रविवारच्या सुटीत तो सराव मोडतो, आणि सोमवारी ताप पुन्हा गाठतो. जगभरचे वेल्डर याला 'सोमवारचा ताप' म्हणूनच ओळखतात. ताई, आपण लिहिलेली लक्षणे याच्याशी तंतोतंत जुळतात.

तरीही डॉक्टरांकडे जावेच, आणि मुलगा जस्ती पाइप जोडतो हे त्यांना आवर्जून सांगावे. कॅडमियमचा मुलामा असलेल्या वस्तूंच्या धुराने प्रारंभी असाच ताप येतो, पण पुढे फुप्फुसांत पाणी होऊन जिवावर बेतू शकते. धाप लागली तर क्षणाचाही विलंब नको. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2017 मध्ये वेल्डिंगचा कोणताही धूर कर्करोगकारक ठरविला आहे. तेव्हा ताप उतरला म्हणजे चिंता मिटली, असे नव्हे.

उपाय अवघड नाहीत. जोडाच्या दोन्ही बाजूंचे तीनचार बोटे जस्त आधी ग्राइंडरने काढावे. तेव्हाही मास्क व चष्मा हवाच. जोड झाल्यावर तेथे जस्तयुक्त रंग द्यावा. वारा पाठीकडून अगर बाजूने येईल असे उभे राहावे, डोके धुरावर वाकवू नये. बंद जागेत धूर ओढणारा पंखा हवाच. तोंडाला रुमाल बांधून हा धूर अडत नाही. सूक्ष्म कणांसाठी केलेला, घट्ट बसणारा मास्क लागतो. दूध प्याल्याने वा गूळ खाल्ल्याने धूर बाधत नाही हा समज सर्वत्र आहे. दूध जरूर द्यावे, पण ते पोटात जाते आणि धूर जातो छातीत!

काम सोडवावे काय? माझे मत विचाराल, तर नाही. हुन्नर हाती असलेल्या मुलाला हुन्नर सोडावयास सांगू नये. मात्र मास्क व पंखा मालकाकडे मागण्यास तो संकोचत असेल, तर तो संकोच आईने घालवावा. मोबदला मिळतो तो जोडाचा, छातीचा नव्हे.