आठ पायांचा राखणदार

परवा संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आमचा विषय होता उतू जाणारं दूध. माझी नववीतली भाची म्हणाली, ‘‘काकू, तुम्हाला एक टायमर करून देऊ?’’ आणि तिने दप्तरातून एक काळी चिप काढून शेजारच्या काकूंच्या हातावर ठेवली.

‘‘अगं, हा आठ पायांचा किडा! असे हजारो बसवलेत मी.’’ काकू उपनगरातल्या एका छोट्या कारखान्यात वीस वर्षं सर्किटवर पार्ट बसवायच्या. ‘‘पण हा करतो काय, ते कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.’’

मैत्रिणींनो, या चिपचं नाव ५५५. हान्स कॅमेनझिंड या इंजिनिअरने ती १९७१ मध्ये आखली आणि १९७२ मध्ये सिग्नेटिक्स कंपनीने बाजारात आणली. आजही ती मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळते, तुमच्या गावात इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीच्या दुकानात विचारा.

तिचं काम आपल्या ओळखीचं आहे. नळाखाली बादली ठेवायची आणि ती भरायला लागेल तेवढा वेळ मोजायचा. इथे बादली म्हणजे कपॅसिटर, आणि नळ किती बारीक सोडायचा ते रेझिस्टर ठरवतो. बादली दोन-तृतीयांश भरली की चिप म्हणते, वेळ संपली! १ मेगाओहमचा रेझिस्टर आणि १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला, तर साधारण ११० सेकंद. कपॅसिटर २२० चा घेतला, तर चार मिनिटं. थोडं मागेपुढे होतं, एकदा घड्याळ लावून पाहायचं.

जोडणी ब्रेडबोर्डवर करा, डाग द्यायची गरज नाही. चिपची खाच वर धरली की डावीकडे वरून खाली १ ते ४ आणि उजवीकडे खालून वर ५ ते ८ असे पाय येतात. ४ आणि ८ बॅटरीच्या अधिक टोकाला, १ उणे टोकाला. ६ आणि ७ एकमेकांना जोडा. तिथून मोठा रेझिस्टर अधिककडे, कपॅसिटर उणेकडे (त्याचा उणे पाय उणेलाच). २ वरून १० किलोओहमचा रेझिस्टर अधिककडे आणि दाबायचं बटण उणेकडे. बझरची लाल तार अधिकला, काळी ३ ला. बॅटरी लावली की बझर ओरडतो, बटण दाबलं की गप्प बसतो, वेळ संपली की पुन्हा ओरडतो. फक्त ९ व्होल्टची बॅटरी वापरा. घरच्या विजेला हे अजिबात जोडू नका.

दूध काय, शिट्ट्या मोजूनही सांभाळता येतं. प्रश्न वेगळाच आहे. मिक्सर बिघडला की आपण ‘हे आले की बघतील’ म्हणतो, आणि स्क्रू-ड्रायव्हर मुलाच्या हातात देतो, मुलीच्या नाही. १९७३ मध्ये अंधेरीला सीप्झ सुरू झालं, तेव्हापासून इलेक्ट्रॉनिक्सच्या जोडणीत कितीतरी बायकांचे हात राबले. म्हणजे हे काम आपल्याला जमत नाही, असं कुणी म्हणूच शकत नाही. राहिलं ते ‘का’ विचारणं. ते आपल्या मुलींनी विचारावं, आणि आपणही. त्याला वय लागत नाही.

भाचीने तिथेच कट्ट्यावर सर्किट जोडलं. काकूंनी बटण दाबलं. चार मिनिटं त्या हललीसुद्धा नाहीत. बझर वाजला तशा हसल्या, मग चष्मा सारखा करून वाकल्या.

‘‘आणि हा पाच नंबरचा पाय तू रिकामा का ठेवलास गं?’’