कोर्टाचा शिपाई कोर्टाविरुद्ध गेला, तर कोर्टाचा वकील कोण?

नांदगाव : डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई हायकोर्टानं राज्यातल्या जिल्हा न्यायालयांसाठी ४,६२९ जागांची जाहिरात काढली होती. लघुलेखक, कनिष्ठ लिपिक आणि शिपाई-हमाल. खेड्यातल्या पोरासाठी ही पक्की नोकरी. पण या नोकरीत उद्या वाद झाला, बढती अडली किंवा निलंबन झालं, तर दाद मागायची कुठं?

तलाठ्याचा वाद आणि कोर्टातल्या लिपिकाचा वाद, दोन्हींची वाट वेगळी आहे. तलाठी मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जाऊ शकतो. कोर्टाच्या कर्मचाऱ्याला ते दार बंद आहे. १९८५ च्या प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्यातच हायकोर्ट आणि त्याखालच्या कोर्टांचे नोकर वगळलेत. जिल्हा न्यायाधीशांनी कारवाई केली की खात्यात वर अपील करायचं आणि तिथंही नाही जमलं तर हायकोर्टात रिट याचिका. म्हणजे ज्याच्या हाताखाली नोकरी, त्याच्याच दारात न्याय मागायचा.

बरं, हायकोर्टही आपल्याला मुंबईचंच. शेजारच्या चाळीसगावचा माणूस संभाजीनगरच्या खंडपीठात जातो. नांदगावहून संभाजीनगर मुंबईपेक्षा कितीतरी जवळ, पण नाशिक जिल्हा मुंबईला जोडलेला.

अशा खटल्यात हायकोर्ट प्रशासन प्रतिवादी असतं आणि ते स्वतःसाठी बाहेरचा वकील लावतं. लोकांना हे खटकतं. एवढे न्यायाधीश असताना वकील कशाला? पण न्यायाधीशानं उठून स्वतःच्या ऑफिसची बाजू मांडायची आणि शेजारच्या न्यायाधीशानं ती ऐकायची, हे कसं चालेल? सरकारी वकिलाचं म्हणाल तर तो सरकारचा. पगारश्रेणीच्या वादात सरकार आणि हायकोर्ट दोघांनाही प्रतिवादी करतात आणि दोघांचं म्हणणं एकच असेल असं नाही. त्यामुळं बाहेरचा वकील लावण्यात मला तरी काही गैर दिसत नाही.

हायकोर्टाच्या दोन बाजू असतात, एक प्रशासनाची, एक निवाड्याची. त्या खरंच वेगळ्या चालतात का? १९९९ चं एक प्रकरण बघा. महाराष्ट्रातल्या एका न्यायिक अधिकाऱ्यावर हायकोर्ट प्रशासनानं कारवाई केली. त्यानं हायकोर्टातच दाद मागितली आणि दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठानं निकाल त्याच्या बाजूनं दिला. मग हायकोर्ट प्रशासन स्वतःच्याच हायकोर्टाच्या निकालाविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं आणि जिंकलं. म्हणजे खंडपीठ प्रशासनाच्या विरोधात निकाल देतं, हे खरं. पण सुप्रीम कोर्टापर्यंत लढायची ऐपत कोणाची, हेही त्यातच दिसलं.

खरी अडचण इथं आहे. कोर्टाच्या वकिलाची फी सरकारी पैशातून जाते. शिपायाची फी त्याच्या पगारातून, आणि निलंबनात तर पगारही पूर्ण नसतो. खातेनिहाय चौकशीत दुसऱ्या कर्मचाऱ्याची मदत घेता येते, वकील मात्र सहसा मिळत नाही. याबद्दल मुंबई पोर्ट ट्रस्टच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं १९८२ मध्येच सांगितलंय की मालकाकडून कायदा शिकलेला माणूस उभा असेल, तर कामगाराला वकील नाकारणं अन्यायाचं आहे. तेव्हा चौकशीत समोर वकील दिसला, तर आपल्यालाही वकील द्या असा अर्ज लगेच लेखी द्यायचा आणि पोच घ्यायची.

मोफत वकिलाची सोयही आहे, तिचा वापर करा. १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांना उत्पन्न न बघता वकील मिळतो, बाकी बहुतेकांना उत्पन्नाची अट. हायकोर्टासाठी वेगळी विधी सेवा समिती आहे, पण चौकशी तालुका कोर्टातल्या समितीकडून सुरू करता येते.

आणि कोर्टानं एखाद्या खटल्यात वकिलाला किती फी दिली, हे माहिती अधिकारात विचारता येतं. तो कायदा कोर्टाच्या प्रशासनालाही लागू आहे.