अनामिका

हाताच्या पाच बोटांपैकी चार बोटांना त्यांच्या कर्मावरून किंवा स्थानावरून नावे मिळाली. दिशा दाखवते ती प्रदेशिनी, मध्ये उभी ती मध्यमा, सर्वांत धाकटी ती कनिष्ठिका, आणि अंगुष्ठाचा अधिकार तर एवढा सर्वमान्य, की 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' एवढ्या शब्दांवर निरक्षर कुळाचा दस्तऐवज कायम होई. करंगळीशेजारच्या बोटापाशी येताच मात्र अमरकोशाने 'जिला नाव नाही ती' एवढ्यावर तिची बोळवण केली आहे.

अज्ञात म्हणजे ज्याला कोणी जाणत नाही तो. फारसीतल्या 'गुमनामा'चे नाव पूर्वी होते, ते हरवले. आणि निनावी अर्ज करणारा तर आपले नाव जाणूनबुजून दडवतो. अनामिकेचा प्रकार या तिघांहून निराळा, कारण ती जन्मभर आपल्या डोळ्यांसमोर असते आणि तरीही नामहीनच राहते.

याची एक उपपत्ती रसिकांना चांगली परिचित आहे. पूर्वी कवींची गणना करताना कनिष्ठिकेवर कालिदासाचे नाव घेतले गेले, पुढच्या बोटासाठी त्याच्या तोलाचा कवी सापडेना, आणि ते बोट सार्थपणे अनामिका ठरले. कल्पना मोठी चतुर आहे; पण तिच्यावरून व्युत्पत्तीचा फैसला करावा, तर चिनी, रशियन आणि फिनिश भाषांतही हेच बोट 'बिननावाचे' म्हणून का ओळखले जाते, याचा जबाब कालिदासाकडून मिळण्यासारखा नाही.

दुसरी उपपत्ती पौराणिक आहे. शिवाने ब्रह्मदेवाचे पाचवे मस्तक याच बोटाने छेदले, म्हणून त्याचे नाव उच्चारण्यास अयोग्य झाले, आणि त्याच्या शुद्धीसाठी धर्मकृत्यात दर्भाचे पवित्रक त्याच बोटात घालण्याचा प्रघात पडला. कथेची सत्यासत्यता बाजूला ठेवली, तरी नाव नसणे आणि नाव घ्यावयाचे नसणे यांतला जो भेद ती सुचवते, तो मला अधिक विश्वसनीय वाटतो. कारण ज्या मुलखात रात्री सापाला केवळ 'जनावर' म्हणतात, बांगडी फुटली तरी 'वाढवली' असेच म्हणावे लागते, आणि पतीचे नाव उखाण्याच्या आडोशाशिवाय स्त्रीच्या ओठांवर येत नसे, तेथे ज्या बोटाने देवाला गंध लावायचे त्याचे नाव संकोचाने गिळले गेले असेल, तर त्यात नवल ते काय?

मराठी घरांनी मात्र हा संकोच फारसा मानलेला दिसत नाही. करंगळीच्या यमकाला 'मरंगळी' हा शब्द त्यांनी खुशाल बनवला. 'जेवणबिवण' म्हणताना 'बिवण'ला जेवढा अर्थ असतो तेवढाच याला, म्हणजे वैयाकरणांच्या दरबारात हे नाव दाखल होणे कठीण; पण आजीच्या मांडीवर बसून बोटे मोजून घेणाऱ्या एकाही पोराने त्याबद्दल हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही.