बहिरं कोण?

बागलाणातलं अहिराणी बोलणारं मूल ‘शाळा’ऐवजी ‘शाया’ म्हणतं, म्हणजे त्याच्या कानाला ‘ळ’ कळतच नाही, असं एका व्याख्यात्यांनी नाशकात ठासून सांगितलं. सिद्धांत सोपा: कान आवाज टिपतो, मग मेंदू ते जोडून शब्द करतो, तेव्हा आधी वर्ण घोटा, शब्द मागाहून.

यातली पहिली पायरीच चुकली आहे. १९७० साली रिचर्ड वॉरन यांनी ध्वनिमुद्रित इंग्रजी वाक्यातल्या एका शब्दातला ‘स’ कापून तिथे खोकला घातला. २० पैकी १९ श्रोत्यांना काही गळाल्याचं जाणवलंच नाही. नसलेला वर्ण त्यांनी ऐकला! १९८० मध्ये विल्यम गॅनाँग यांनी दाखवलं, की दोन वर्णांच्या अधलामधला आवाज ज्या बाजूने खरा शब्द होतो, त्या बाजूचा ऐकू येतो. मराठीत मांडायचं तर धड ‘क’ नाही, धड ‘ग’ नाही असा आवाज. पुढे ‘-आंदा’ आलं की कांदा, ‘-हू’ आलं की गहू. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरचा कर्णा कितीही खरखरला तरी बागलाणातल्या सटाण्याच्या माणसाला ‘ताहाराबाद’ बरोबर ऐकू येतं; शेजारी बसलेल्या परगावच्या पाहुण्याला नुसता गोंगाट. कान दोघांचे सारखेच, ओळख एकाचीच. मूल ‘काया बैल’ म्हणालं की घरच्यांना काळा बैल ऐकू येतो आणि बाईंना बैलाचं शरीर. मग बहिरं कोण?

शब्दच ऐकवत असतील तर नवा शब्द कुणी शिकेल कसा, हा आक्षेप फार टिकत नाही: शब्दाचा जोर मुख्यतः संदिग्ध आवाजावर चालतो. शिवाय ‘ळ’ न उच्चारणं म्हणजे ‘ळ’ न ऐकणं नव्हे. पण बोलीवर अशुद्धतेचा शिक्का मारायची खोड जुनीच. उच्चारात नसलेले अनुस्वार गेले तर मराठी बुडेल, असंही अशीच मंडळी सांगत होती. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ते गेले, मराठी आहे.

करायचं काय? २००३ मध्ये डच श्रोत्यांवर झालेल्या प्रयोगात ‘फ’ आणि ‘स’ यांच्या मधला आवाज ओळखीच्या शब्दांत घालून ऐकवला, तेव्हा त्या दोन वर्णांमधली त्यांची सीमारेषाच सरकली. कान शब्दांतून शिकतो. म्हणून ‘शाया’ आणि ‘शाळा’ शेजारी-शेजारी ठेवून शिकवावं.

बागलाणात नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकांना विनंती: पहिला महिना मुलांचे शब्द ऐका. वर्णतक्ता दुसऱ्या महिन्यात लावला तरी चालेल.